तुर्तुक : श्योकतीरावरचे सरहद्दीचे गाव

लेहहून खार्दुंग घाट ओलांडून नुब्रा खोऱ्यात उतरावे आणि श्योक नदीची सोबत धरून वायव्येस चालत राहावे, म्हणजे सुमारे दोनशे किलोमीटरांच्या प्रवासाअंती, गवताचे पातेही न रुजणाऱ्या करड्या पर्वतांच्या पायथ्याशी, जर्दाळूच्या दाट बागांत दडलेले तुर्तुक अचानक दृष्टीस पडते. गावाची उंची जेमतेम दहा हजार फूट. लडाखच्या मानाने हा सखल प्रदेश, आणि म्हणूनच जव कापून झाल्यावर त्याच वावरात कुट्टूचे दुसरे पीक घेण्याचे भाग्य येथील शेतकऱ्यास लाभले आहे. यूल आणि फारोल या दोन वस्त्यांमधून एक ओढा खळाळत श्योककडे जातो. दगडांवर दगड रचून बांधलेल्या, फटींतून हिमनदीकडची गार हवा खेळेल अशा बेताने योजलेल्या येथील ठेंगण्या कोठ्यांत लोणी आणि मांस भर उन्हाळ्यातही टिकते. विजेवाचून चालणारी ही शीतगृहे पाहून आपल्या शहरी शहाणपणाचा ताठा थोडा उतरतो.

येथील रहिवासी बाल्टी. त्यांची भाषा तिबेटी कुळातली, धर्म इस्लाम, आणि पुष्कळांचा पंथ नूरबख्शी. खपलूच्या यब्गो घराण्याचा या मुलखावर दीर्घकाळ अंमल होता व त्या घराण्याच्या वाड्यात आज एक छोटेखानी संग्रहालय आहे. 1840 मध्ये जोरावरसिंहाच्या डोगरा फौजेने बाल्टिस्तान जिंकले, आणि पुढे जम्मू दरबारच्या लडाख वजारतीत लेह, कारगिल व स्कर्दू या तिन्ही तहसिली एकत्र नांदल्या. वजीराची कचेरी सहा महिने लेहला, सहा महिने स्कर्दूला असे. आज परस्परांस परकी झालेली ही दोन गावे तेव्हा एकाच दफ्तराची होती, हे विसरून येथील इतिहास उमगणार नाही.

1947-48 च्या संग्रामानंतर युद्धबंदी रेषा आखली गेली, तेव्हा तुर्तुक पाकिस्तानच्या ताब्यात राहिले. मग 1971 चा डिसेंबर उजाडला. नुब्राचेच सुपुत्र मेजर चेवांग रिंचेन, ज्यांनी 1948 मध्ये कोवळ्या वयात महावीरचक्र मिळविले होते, ते लडाख स्काउट्सची तुकडी घेऊन, रक्त गोठविणाऱ्या थंडीत डोंगरमाथ्यांवरून पुढे सरकले. चालुंका पडले, 14 डिसेंबरला तुर्तुक हाती आले, आणि 17 तारखेला युद्धविराम झाला तेव्हा त्याक्षी व थांग धरून चार गावे भारताकडे होती. या मोहिमेने रिंचेन यांना दुसरे महावीरचक्र मिळवून दिले. पुढे सिमला करारान्वये पश्चिम सरहद्दीवर जिंकलेला इतर प्रदेश परत करण्यात आला. जम्मू-काश्मिरात मात्र 17 डिसेंबरची रेषा उभय पक्षांनी मानावी असे ठरले. त्या एका कलमाने या चार गावांचे राष्ट्रीयत्व कायम केले.

‘रात्री पाकिस्तानात निजले आणि सकाळी भारतात जागे झाले’ हे वाक्य प्रवाशांना फार आवडते. मला ते उथळ वाटते. कारण त्या दिवसांत जे कामधंद्यासाठी वा शिक्षणासाठी स्कर्दूकडे, लाहोरकडे गेले होते, ते तिकडेच अडकले. नवरा एका देशात, बायको दुसऱ्या देशात, आणि मध्ये सुरुंग पेरलेली जमीन, अशी ताटातूट कित्येक घरांच्या वाट्याला आली. 1999 च्या कारगिल युद्धाची झळही याच डोंगरांना लागली. कॅप्टन हनीफुद्दीन तुर्तुक क्षेत्रातच धारातीर्थी पडले.

2010 मध्ये गाव प्रवाशांसाठी खुले झाले. आता घरोघर पाहुण्यांच्या खोल्या निघाल्या असून सुकविलेल्या जर्दाळूंना गिऱ्हाईकही मिळते. थांगच्या टेकाडावरून दुर्बिणीने पलीकडचे फ्रानू गाव दाखवतात, तेव्हा प्रवाशांनी एवढे ध्यानी ठेवावे की समोरची घरे काहींच्या सख्ख्या नातलगांची आहेत. खपलूचा जुना रस्ता याच श्योकच्या काठाने जातो. तो 1971 पासून बंद आहे.