किल्ल्यात लग्न करायचंय? भाड्यापलीकडचा खर्च आधी बघा

सासवडजवळची जाधवगड गढी पिलाजी जाधवरावांनी १७१० मध्ये बांधली. आज तिथे हॉटेल आहे, ‘आई’ नावाचं संग्रहालयही आहे. अशा वास्तूत लग्न करता येतं. केंद्रीय संरक्षित स्मारकात मात्र केंद्र सरकारच्या लेखी परवानगीशिवाय रिसेप्शन किंवा पार्टी करता येत नाही, हे ॲडव्हान्स देण्याआधीच तपासा.

भाड्याचा आकडा तसा फसवाच. जुन्या भिंतीत खिळा ठोकू देत नाहीत, म्हणजे सजावटीला वेगळा सांगाडा आला. शिवाय जनरेटर, वऱ्हाडाच्या बस, डिपॉझिट आणि हॉलवर १८ टक्के जीएसटी. उघड्यावरचा डीजे रात्री १० ला बंद. संगीत त्यासाठी आदल्या दिवशी ढकललंत, तर खोल्यांचं भाडं एका रात्रीने वाढतं. कोटेशन घेताना ‘टॅक्ससकट किती?’ हे लेखीच मागा.