ओस, सर!

वर्ग सुरू होण्याआधी रांग लागते आणि निम्मं कराटे त्या रांगेतच शिकवून होतं. सरांसमोर उजव्या टोकाला सगळ्यांत वरचा बेल्ट, तिथून डावीकडे उतरत उतरत पांढरे. वय, उंची, कुणाची पपईची बाग केवढी, हे रांगेत धरत नाहीत. प्रकाशा गावातल्या संध्याकाळच्या या क्लासमध्ये उजव्या टोकाला तपकिरी बेल्टची नववीतली मुलगी उभी होती आणि तिच्या शेजारी तिच्याहून वीतभर उंच मुलगे.

‘सेइझा’ म्हटलं की आधी डावा गुडघा टेकतो, मग उजवा. ‘मोकुसो’ला डोळे मिटायचे, श्वास संथ करायचा. त्यानंतरचा हुकूम सर देत नाहीत, ती मुलगी देते: ‘सेन्सेई नी रेई!’, म्हणजे गुरूंना नमस्कार. तळवे जमिनीला टेकवून सगळे वाकतात आणि सरही तितकेच वाकतात. मला त्यांचं ते वाकणं फार मोलाचं वाटलं. तालमीत पठ्ठ्या वस्तादांच्या पाया पडतो, वस्ताद पाठीवर थाप देतात. इथे शिकवणाराही शिकणाऱ्याला नमस्कार करतो. गुरुपौर्णिमेला मात्र ही मुलं सरांच्या पाया पडतातच. ते आपल्या मातीतलं आहे, ते राहावं.

‘सेन्सेई’ दुसऱ्यांनी म्हणायचं, स्वतःच्या नावाला स्वतः लावायचं नाही. ‘शिहान’ त्याहून मोठा मान. रेन्शी, क्योशी, हान्शी या पदव्या देण्याची प्रथा क्योटोत १८९५ साली स्थापन झालेल्या दाई निप्पोन बुतोकुकाई या संस्थेची. काळा बेल्ट आणि त्याच्या ‘दान’ या श्रेण्या तर ज्युदोतून आल्या, ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांच्याकडून. गिचिन फुनाकोशी यांनी कराटेतले पहिले दान १९२४ साली दिले. हे फुनाकोशी पेशाने ओकिनावातले शाळामास्तर. तेव्हा खानदेशातल्या पोरांनी नमस्कारादाखल ‘ओस, सर’ म्हटलं तर मानात कुठे काही उणं पडत नाही. फ्लेक्सवर नावाआधी जपानी पदव्यांची माळ लावण्यापेक्षा ही हाक मला कितीतरी खरी वाटते.

मध्येच एका पांढऱ्या बेल्टवाल्याची गाठ सुटली. तो पटकन सरांकडे पाठ करून वळला, कारण कपडे समोर तोंड करून नीट करत नाहीत. गाठ काही जमेना. उजव्या टोकाची ती ताई (वरच्या विद्यार्थ्याला जपानीत म्हणतात तसं ‘सेन्पाई’ इथे कुणी म्हणत नाही) त्याच्यापुढे गुडघ्यावर बसली. बेल्टचा मध्य बेंबीवर धरला, दोन वेढे दिले, एक टोक दोन्ही वेढ्यांखालून वर काढलं, गाठ आवळली आणि दोन्ही टोकं ओढून सारखी केली. मग ती सोडून त्यालाच पुन्हा बांधायला लावली. वरच्या बेल्टचा मान असा कामाने फेडावा लागतो. सरांना यायला उशीर झाला तर वर्ग तीच घेते, मुलं तिलाही वाकून ‘ओस’ म्हणतात. आणि सर आले की वर्ग थांबवून, सगळ्यांना त्यांच्याकडे वळवून, नमस्काराचा हुकूमही तीच देते.