हृदयाचा आरसा

घरातील जो माणूस कधी तक्रार करीत नाही, त्याच्या प्रकृतीची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. आपल्या हृदयाची अवस्था काहीशी अशीच आहे. बंद मुठीएवढा हा अवयव मनुष्य जन्माला येण्यापूर्वीच कामाला लागतो. मिनिटाला सुमारे 72 ठोके या हिशेबाने तो दिवसाकाठी एक लाखाहून अधिक वेळा आकुंचन पावतो आणि दर मिनिटाला सुमारे 5 लिटर रक्त शरीरभर खेळवितो. आपण झोपतो, पण तो विसावा घेत नाही. असा हा निष्ठावंत सेवक एके दिवशी अकस्मात का थांबतो? आणि त्याची व्यथा आपल्याला आधी कळू शकते काय?

सर्व शरीराला रक्त पुरविणाऱ्या हृदयाला स्वतःसाठीही रक्त लागते. ते त्याला काही रोहिण्यांतून मिळते. या रोहिण्यांच्या भिंतींत स्निग्ध पदार्थांचे थर साचू लागले, म्हणजे रक्ताची वाट अरुंद होत जाते. एखादा थर फुटला, की तेथे रक्ताची गुठळी होऊन वाट बंद होते आणि पुढचा स्नायू रक्तावाचून मरू लागतो. यालाच हृदयविकाराचा झटका म्हणतात. झटका क्षणात येतो खरा; परंतु त्याची पूर्वतयारी कित्येक वर्षे चाललेली असते. कोरियातील युद्धात मृत्यू पावलेल्या 300 अमेरिकन सैनिकांची हृदये डॉक्टरांनी तपासली, तेव्हा सुमारे 77 टक्के तरुणांच्या रोहिण्यांत हा विकार कमीअधिक प्रमाणात आढळला. त्या सैनिकांचे सरासरी वय अवघे 22 वर्षांचे होते! ही माहिती 1953 साली प्रसिद्ध झाली आणि हा रोग केवळ म्हातारपणाचा आहे, या समजुतीला मोठाच धक्का बसला.

मग हा रोग कोणाला गाठतो? या प्रश्नाचा मागोवा घेण्यासाठी 1948 साली अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावी एक अभिनव उपक्रम सुरू झाला. तेथील 5,209 स्त्रीपुरुषांची दर दोन वर्षांनी तपासणी करण्यात येऊ लागली. पुढे त्यांची मुले आणि नातवंडेही या अभ्यासात सामील झाली. उच्च रक्तदाब, रक्तातील वाढलेले कोलेस्टेरॉल, धूम्रपान आणि मधुमेह हे हृदयाचे वैरी होत, हे या चिकाटीच्या निरीक्षणातून स्पष्ट झाले. पुढे 52 देशांतील लोकांचा असाच एक मोठा अभ्यास 2004 साली प्रसिद्ध झाला. आपल्या दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा काही वर्षे आधीच येतो, असे त्यात दिसून आले.

परंतु अशा अभ्यासातून कळतो तो समुदायाचा धोका. समोर बसलेल्या एका रुग्णाच्या हृदयात काय चालले आहे, हे जाणण्यासाठी त्याच्या आत डोकावलेच पाहिजे. 1895 साली राँटगेनने शोधलेल्या क्ष-किरणांनी हृदयाची छाया दिसू लागली. पण त्याच्या झडपांची हालचाल मात्र दिसेना. ती अडचण दूर केली स्वीडनमधील लुंड येथील इंगे एडलर हा डॉक्टर आणि हेल्मुट हर्ट्झ हा पदार्थवैज्ञानिक या दोघांनी. धातूच्या पत्र्यात दडलेली चीर शोधण्यासाठी जहाजांच्या कारखान्यात एक यंत्र वापरीत असत. मनुष्याच्या कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी ते आत सोडी आणि त्यांच्या प्रतिध्वनीवरून दोष ओळखी. ते यंत्र उसने आणून 1953 साली या दोघांनी ते हृदयावर वापरून पाहिले आणि धडधडत्या हृदयाचा प्रतिध्वनी टिपला. आज गावोगावी ‘टू-डी एको’ या नावाने जी तपासणी होते, तिचा उगम हाच.

हे चित्र भविष्याची चाहूल कसे देते? हृदयाच्या डाव्या जवनिकेत जेवढे रक्त भरते, त्यातील सुमारे 55 ते 70 टक्के रक्त निरोगी मनुष्याच्या हृदयातून एका ठोक्यासरशी बाहेर फेकले जाते. झटक्यामुळे स्नायू दुबळा झाला, की हे प्रमाण घटते. ते 35 टक्क्यांवर किंवा त्याहूनही खाली आले, तर ठोक्यांची लय एकाएकी बिघडून मृत्यू ओढवण्याचा धोका वाढतो. अशा वेळी लय बिघडताच विजेचा झटका देऊन ती पूर्ववत करणारे छोटे यंत्र डॉक्टर काही रुग्णांच्या छातीत बसवितात. सी. टी. स्कॅन या तपासणीने रोहिण्यांत साचलेले कॅल्शियम मोजता येते. 1990 साली आर्थर ॲगॅट्स्टन व त्याच्या सहकाऱ्यांनी त्याला गुण देण्याची रीत घालून दिली. गुण शून्य आले, तर पुढील काही वर्षांत झटका येण्याचा संभव बराच कमी असतो. ते 400 च्या वर गेले, तर सावध होणे अगत्याचे ठरते.

तथापि, हे चित्र म्हणजे जन्मपत्रिका नव्हे. ते संभव सांगते, निश्चिती सांगत नाही. ज्यात कॅल्शियम उतरलेले नाही असा मऊ थर या मोजणीतून निसटू शकतो. उलट, गुण जास्त असूनही कित्येक जण दीर्घायुषी होतात. शिवाय क्ष-किरणांचा वापर गरजेपुरताच व्हावा, म्हणून अशी तपासणी सर्वांनीच करून घेणे योग्य नव्हे; ती वैद्याच्या सल्ल्यानेच करावी.

पत्रिकेतील भविष्य बदलता येत नाही, असे मानतात. चित्रातील भविष्य मात्र बदलता यावे, म्हणूनच ते पाहावयाचे असते. ज्याने चित्र पाहिले, पण तंबाखू सोडली नाही, रक्तदाबाचे औषध घेतले नाही, की पायांना चालण्याची सवय लावली नाही, त्याने आरशात चेहऱ्यावरचा डाग पाहून आरसा तेवढा पुसला! मुलांनो, रोहिण्यांतील थर तरुणपणीच साचू लागतात, हे ध्यानात ठेवा. मैदानावरील खेळ, साधा व ताजा आहार आणि तंबाखूला ठाम नकार या गोष्टींना कोणत्याही यंत्राची गरज नाही. त्यांचा आरंभ तुमच्या वयातच व्हावयास हवा.

स्वाध्याय
1. हृदयविकाराची पूर्वतयारी अनेक वर्षे चालते, हे कोणत्या उदाहरणावरून दिसून येते?
2. जहाजांच्या कारखान्यातील यंत्राचा हृदयाच्या तपासणीसाठी कसा उपयोग झाला?
3. ‘हे चित्र म्हणजे जन्मपत्रिका नव्हे’ या विधानाचा अर्थ तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.