शेजारच्या आवारांतलें रान

पावसाळा निम्मा उलटला कीं वाशी, नेरूळ, घणसोली या वसाहतींतील मोकळ्या भूखंडांवर टाकळा आणि गाजरगवत कमरेएवढें माजतें. भूखंडाचा धनी पुष्कळदां दुसरीकडे राहतो. उपसर्ग पोंचतो तो कुंपणापलीकडील घराला. त्या रानांत उंदरांना आसरा मिळतो, उंदरांच्या मागोमाग साप येतात, आणि गवताआड पडलेल्या डब्या-करवंट्यांत पाणी सांचून डासांची पैदास होते. गाजरगवताच्या संसर्गानें कित्येकांच्या अंगाला खाज सुटते, कोणाला दम्याचा त्रास होतो.

जागा खासगी असली म्हणजे तींत काय वाढूं द्यावें हा मालकाच्या खुषीचा मामला, असें पुष्कळांना वाटतें. कायदा तसें मानीत नाहीं. मुंबई शहरासाठीं १८८८ सालीं झालेल्या कायद्यानें, अपायकारक झाडोरा माजलेली जागा साफ करण्याची लेखी नोटीस मालकास अथवा भोगवटादारास देण्याचा अधिकार आयुक्तांना दिला. नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार १९४९ च्या अधिनियमानें चालतो. त्यांतहि उपद्रव दूर करण्याविषयीं लेखी आज्ञा करतां येते. मुदतींत काम न झाल्यास पालिका तें स्वतः करवूं शकते व खर्च वसूल करूं शकते. ‘भोगवटादार’ हा शब्द येथें महत्त्वाचा. नवी मुंबईंत सिडकोनें भूखंड भाडेपट्ट्यानें दिलेले आहेत. जमीन सिडकोची, एवढी सबब पट्टेदाराला पुरत नाहीं.

बेलापुरापासून दिघ्यापर्यंतच्या रहिवाशानें तक्रारीचा अर्ज नवी मुंबई पालिकेच्या विभाग कार्यालयांत द्यावा. खारघर, कामोठें, कळंबोली हे भाग मात्र १ ऑक्टोबर २०१६ रोजीं स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेकडे आहेत.

तथापि साफसफाईच्या उत्साहालाहि मर्यादा आहेत. विळा गवतावर चालवावा, झाडावर नव्हे. १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यान्वयें स्वतःच्या आवारांतील झाड तोडण्यासहि वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. खाडीकांठची खारफुटी तर कोणीहि रान समजूं नये. मुंबई उच्च न्यायालयानें २००५ व २०१८ सालीं दिलेल्या आदेशांनीं तिची तोड निषिद्ध ठरविली आहे, मग जमीन सरकारी असो वा खासगी. कापलेल्या गवताला काडी लावणें हाहि मार्ग नव्हे. उघड्यावर कचरा जाळण्यास राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१६ सालीं मनाई केली.

गाजरगवताचें एक रोप हजारों बिया टाकतें. म्हणून हातमोजे घालून, फुलोरा येण्यापूर्वींच तें मुळासकट उपटलें पाहिजे. नोटिशीची वाट पाहणाऱ्याला पुढें खर्च तर भरावाच लागतो. आणि तोंपर्यंत त्याचें बीं शेजाऱ्याच्या अंगणांत पडलेलें असतें.