उपहास आणि गोष्ट सांगण्याची रीत : 'कथा' या चित्रपटाच्या निमित्ताने

विनोद, विडंबन, उपरोध आणि उपहास हे चार शब्द आपण बोलताना सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. चित्रपटाचा अभ्यास करताना मात्र ते वेगळे ठेवावे लागतात. विनोदाला हसू पुरते. विडंबनाला समोर एखादी मूळ कृती लागते, कारण ते तिची नक्कल करते. उपरोधात शब्द एक आणि अर्थ दुसरा असतो. उपहास या तिन्हींना कामाला लावतो, पण त्याचा रोख कोणाच्या तरी वागण्यावर, समजुतीवर किंवा सत्तेवर असतो. म्हणून उपहासात्मक चित्रपट पाहताना 'हसू आले का' याच्या पुढे जाऊन 'आपण कोणाला हसलो' हा प्रश्न विचारावा.

हिंदी चित्रपटातील उपहास म्हटले की बहुतेकांना 'जाने भी दो यारो' (1983) आठवतो. ते योग्यच आहे. कुंदन शाह यांच्या या पहिल्याच चित्रपटात बिल्डर, आयुक्त आणि वृत्तपत्राची संपादक असे सगळेच एका माळेचे मणी निघतात. संपादकाची भूमिका भक्ती बर्वे यांची आहे, हे मराठी नाट्यरसिकांना वेगळे सांगायला नको. महाभारताच्या नाटकात द्रौपदीच्या वेषातल्या प्रेतासाठी चाललेली ओढाताण पाहून हसणार नाही असा प्रेक्षक विरळाच. मात्र एक गोष्ट लक्षात घ्या. इथे ज्यांना आपण हसतो ती माणसे 'ते' आहेत. तरनेजा, आहुजा, डिमेलो हे सगळे आपल्याहून वर, आपल्यापासून दूर आहेत. प्रेक्षक दोन भोळ्या छायाचित्रकारांच्या बाजूने बसतो आणि शेवटी त्यांच्याबरोबरच फसवला जातो.

त्याच सुमाराचा सई परांजपे यांचा 'कथा' मात्र प्रेक्षकाला असे सुरक्षित अंतर देत नाही. त्याला 1982 सालच्या चित्रपटांसाठीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा मान मिळाला. तरी आज त्याचे नाव निघते ते 'हलकाफुलका, गोड चित्रपट' म्हणून. माझ्या मते एवढ्या चलाख चित्रपटाला इतके निरुपद्रवी विशेषण क्वचितच चिकटले असेल.

'ससा आणि कासव' या मराठी नाटकावरून हा चित्रपट केला आहे, आणि गोष्ट आपण लहानपणी ऐकलेलीच आहे. मुंबईच्या एका चाळीत राजाराम नावाचा कारकून राहतो. सरळ, मदतीला तत्पर, चार जणांची कामे अंगावर घेणारा. समोरच्या संध्यावर त्याचे मनापासून प्रेम आहे, पण ते तोंडातून निघत नाही. त्याच्या खोलीत एक जुना मित्र बाशू येऊन टपकतो आणि तिथेच मुक्काम ठोकतो. बाशू थापा मारतो, दुसऱ्याच्या पैशाने उदार होतो, प्रत्येकाला त्याला हवे ते ऐकवतो. बघता बघता सगळी चाळ त्याची होते. संध्याही त्याच्याकडे ओढली जाते आणि तिच्या आईवडिलांनाही हाच जावई पसंत पडतो.

आता कथनाकडे बघा. नीतिकथेत कासव जिंकते, कारण ते न थांबता चालत राहते आणि ससा झोपतो. 'कथा'मध्ये ससा झोपतच नाही. तो प्रत्येक टप्प्यावर पुढे असतो आणि लग्नाच्या तोंडावर शर्यतच सोडून निघून जातो. राजारामला संध्या मिळते ती त्याच्या चिकाटीमुळे नव्हे, तर दुसरा पळून गेल्यामुळे. बाशूला कसली शिक्षाही होत नाही. म्हणजे चित्रपट नीतिकथेचा साचा जसाच्या तसा ठेवतो, शेवटही तोच ठेवतो, फक्त त्या शेवटाचे कारण बदलतो. सगळा उपहास त्या बदललेल्या कारणात आहे. 'सचोटीने वागा, फळ मिळेल' या शिकवणीवर एकही टीकेचे वाक्य न बोलता तिच्यातली हवा काढून घेतली जाते.

पात्रनिवडीचाही यात वाटा आहे. 'चश्मे बद्दूर'मध्ये (1981) फारूख शेख यांनी सालस तरुण साकारला होता. तोच चेहरा इथे बाशूला मिळतो आणि नसीरुद्दीन शाह यांच्याकडे बुजरा राजाराम येतो. फारूख शेख यांचे हसू इतके निर्मळ आहे की थाप पकडली जाऊनही रागवावेसे वाटत नाही. पडद्यावरची चाळ ज्या कारणाने फसते, नेमक्या त्याच कारणाने प्रेक्षागृहातले आपणही फसतो. राजारामचा चांगुलपणा आपल्याला पटतो, पण त्याच्या दृश्यांत आपण जरा अस्वस्थ होतो आणि बाशू येण्याची वाट पाहतो. चाळकऱ्यांना नावे ठेवायची सोय उरत नाही.

शेवटाबद्दल वर्गात वाद घालावा असे बरेच आहे. बाशू गेल्यावर संध्या राजारामपासून काही लपवत नाही आणि तरीही तो तिचा स्वीकार करतो. ही उदारता मानायची, की आयुष्यभर इतरांनी अर्धवट टाकलेली कामे पुरी करणाऱ्या माणसाने हेही एक काम निमूटपणे पुरे केले, असे वाचायचे? मला दुसरे वाचन अधिक खरे वाटते, आणि म्हणूनच तो गोड शेवट मला जरा कडवट लागतो. संध्याच्या बाजूने मात्र चित्रपट तोकडा पडतो. तिने काय गमावले हे आपल्याला कळते, पण तिला आता काय हवे आहे हे नीटसे कळत नाही.

चाळ हीच पार्श्वभूमी असलेला, आणि 'कथा'हूनही कमी पाहिला गेलेला चित्रपट म्हणजे सईद मिर्झा यांचा 'मोहन जोशी हाजिर हो!' (1984). पडायला आलेल्या इमारतीच्या दुरुस्तीसाठी एक म्हातारे जोडपे घरमालकावर दावा लावते. भीष्म साहनी आणि दीना पाठक यांनी ते उभे केले आहे. इथे उपहासाचा रोख कोर्टावर आणि वकिलांवर आहे, त्यामुळे तो 'जाने भी दो यारो'च्या जवळचा. हसू कमी आणि धाप जास्त.

हे तिन्ही चित्रपट पाहणार असाल तर 'कथा' शेवटी पाहा आणि हाताशी कागद ठेवा. बाशू तुम्हाला आवडेनासा झाला तो प्रसंग कोणता, हे लिहा. मग मागे जाऊन मोजा, त्याआधी त्याच्या किती थापा तुम्हाला ठाऊक होत्या.