चमक ठरते पापुद्र्यांच्या बैठकीवर

सुरतेत तयार होणाऱ्या बऱ्याचशा जरीत आज सोनं नसतं. पॉलिस्टरच्या फिल्मवर निर्वात यंत्रात ॲल्युमिनिअमचा अतिशय पातळ थर बसवतात, वर पिवळसर पारदर्शक लॅकर चढवतात आणि फिल्म बारीक चिरून धागा काढतात. लॅकरमधून आत गेलेला प्रकाश धातूवरून परततो, तेव्हा सोनं दिसतं. मोटारीच्या मेटॅलिक रंगाचं मर्मही हेच. मात्र जरीत धातू आधीच सपाट असतो. गाडीच्या पत्र्यावर तो सपाट बसवणं स्प्रे गन धरणाऱ्याच्या हातात असतं.

मेटॅलिक रंगाच्या खालच्या थरात, म्हणजे बेस कोटमध्ये, ॲल्युमिनिअमचे पापुद्रे असतात. रुंदी साधारण १० ते ४० मायक्रॉन, जाडी बहुधा १ मायक्रॉनहूनही कमी. फवारल्यावर ते वेडेवाकडे पडतात. थिनर उडतो तसा रंगाचा थर आकसतो आणि पापुद्रे दबून आडवे होतात. म्हणूनच समोरून गाडी लखलखते, तिरकी पाहिली की गडद दिसते. घाईने जाड, ओला थर मारला तर पापुद्रे आत तरंगत राहतात, जागोजागी गोळा होतात आणि काळपट ढग उमटतात. एकाच डब्यातला रंग दोन हातांनी मारला तर छटा वेगळी येते ती यामुळेच. दुरुस्त केलेला दरवाजा लगेच ओळखू येतो. पातळ थर, सारखा वेग आणि दोन थरांमध्ये संयम, याला पर्याय नाही.

सुरतेतल्या उधना किंवा लिंबायतमध्ये घराबाहेर गाडी रंगवायची, तर पावसाळा टाळावाच. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर दवबिंदू असतो सुमारे २६ अंश. उडणारा थिनर पृष्ठभाग थंड करतो. चार अंशांची घट झाली की त्यावर बाष्प जमतं आणि पांढुरकी झाक येते. वरच्या पारदर्शक थराचा, म्हणजे हार्डनर घातलेल्या क्लिअर कोटचा त्रास आणखी वेगळा. हार्डनरमधली आयसोसायनेट पाण्याशी संयोग पावून कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि थरात बारीक बुडबुडे राहतात. हिवाळ्यातली कोरडी दुपार उत्तम.

हीच आयसोसायनेट फवाऱ्यातून फुप्फुसात गेली तर कायमचा दमा जडू शकतो. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा साधा मास्क ती अडवत नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो. तो नसेल, तर बेस कोटपर्यंतची हौस घरी भागवावी आणि क्लिअर कोट पेंट बूथ असलेल्या गॅरेजवर सोपवावा.