शांत पाण्याची किंमत

बंदराला दोन गोष्टी लागतात: खोल पाणी आणि शांत पाणी. केरळातल्या कोचीला शांत पाणी फुकट मिळालं. खोलीसाठी मात्र ते अजून पैसे मोजतंय.

प्राचीन काळी रोमन जहाजं मिऱ्यांसाठी इथून उत्तरेला असलेल्या मुझिरिसला येत. १३४१ मध्ये पेरियार नदीला महापूर आला, मुझिरिसचं मुख गाळाने बुजलं आणि कोचीजवळची समुद्राची वाट मोठी झाली, असं मानलं जातं. मागे वेंबनाड सरोवराचं आडोशाचं पाणी होतंच. पोर्तुगीज इथे आले, १६६३ मध्ये डचांनी त्यांना हटवलं, १७९५ मध्ये इंग्रजांनी डचांना.

पण मुखाशी वाळूचा दांडा आडवा पसरलेला होता. मोठी जहाजं बाहेरच नांगर टाकत आणि माल होड्यांतून आत येई. १९२० मध्ये आलेल्या रॉबर्ट ब्रिस्टो या इंजिनिअरने तो दांडा ड्रेजरने कापून काढला. २६ मे १९२८ रोजी ‘पद्मा’ हे जहाज थेट आत शिरलं. उपसलेल्या गाळाच्या भरावातून विलिंग्डन बेट उभं राहिलं.

तरीही गाळ थांबत नाही. नदीच्या गोड्या पाण्यात चिकणमातीचे सूक्ष्म कण एकमेकांना दूर लोटतात, म्हणून तरंगत राहतात. खारं पाणी मिसळलं की क्षारांमुळे हे अपकर्षण कमी होतं, कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात आणि जड होऊन खाली बसतात. नदी आणि समुद्र भेटतात नेमके बंदराच्या तोंडाशी. तिथे लाटांचा जोर कमी, म्हणून बसलेला गाळ सहसा हलत नाही. जहाजांना सोयीचं ते गाळालाही सोयीचं.

कोची बंदरातलं वल्लारपाडम कंटेनर टर्मिनल २०११ मध्ये सुरू झालं. तिथे सुमारे १४.५ मीटर खोली टिकवायची तर गाळ सतत उपसावा लागतो, आणि तो खर्च शेवटी बंदराच्या हिशेबात येतो. केरळातच दक्षिणेला विळिंजम बंदरात किनाऱ्यालगतच १८ मीटरच्या आसपास नैसर्गिक खोली आहे, गाळही फार कमी. पण तिथे उघडा समुद्र आहे. जहाजं स्थिर उभी राहावीत म्हणून सुमारे ३ किलोमीटरची लाटारोधक भिंत बांधावी लागली.

अजस्र कंटेनर जहाजं विळिंजमकडे वळणं त्यामुळे स्वाभाविकच आहे. कोचीचं बळ वेगळं आहे. ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका बांधणारी गोदी तिथल्या आडोशाच्या पाण्यामुळेच उभी राहू शकली. दोन्ही बंदरांना एकाच मापाने तोलण्यापेक्षा त्यांच्यात कामाची वाटणी करणं शहाणपणाचं.